सुरमईच्या पलीकडचा किनारा

शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्याला रो-रो बोट लागली की दुपारपर्यंत अलिबागपासून काशीदपर्यंतच्या खानावळी भरून जातात. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट येण्याची ही सोय मार्च २०२०मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला आणि रायगडचा किनारा मुंबईकराच्या आणखी जवळ आला. पाहुणे वाढले, खोल्या वाढल्या, दर वाढले. जेवणाची मागणी तेवढी जागची हलली नाही. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी. ‘काटे कमी असलेलं काय आहे?’ हा पुढचा प्रश्न. मंडळींत कोणी शाकाहारी असेल तर पनीर. परतताना पांढऱ्या कांद्याच्या माळा डिकीत जातात. त्याच रस्त्याच्या कडेला सुकट, सोडे आणि सुके बोंबील घेऊन बसलेल्या कोळणीपाशी मात्र गाडी क्वचितच थांबते. बहुतेकदा काच तेवढी वर होते.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते त्याच्या गुणाला साजेसंच आहे. तो सौम्य, गोडसर, कच्चा खाण्याजोगा असतो. पण तो आवडावा यासाठी खाणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. याकोब स्टायनर या संशोधकाने १९७०च्या दशकात जन्मून काही तासच झालेल्या बाळांच्या जिभेवर वेगवेगळ्या चवींचे थेंब ठेवून पाहिले होते. गोडाला बाळाचा चेहरा सैलावला, कडूला तोंड वेडंवाकडं झालं. गोडाची ओढ माणूस घेऊनच जन्मतो. बाकीच्या बहुतेक आवडी नंतर लागतात, कोणीतरी लावाव्या लागतात. रायगडच्या स्वयंपाकघरातला सर्वांत मौल्यवान ऐवज नेमका या दुसऱ्या वर्गातला आहे, आणि पाहुणा तोच मागे ठेवून जातो.

‘आम्ही ते खात नाही’ हे वाक्य मोठी माणसं रक्तगट सांगावा तशा ठामपणे सांगतात. लहान मुलाने हेच म्हटलं तर घरातले चार जण त्याच्या मागे लागतात. चाळिशीच्या माणसाने म्हटलं की विषय संपतो. तो संपू नये, असं सुचवणारे पुरावे बरेच आहेत.

सुरुवात कडू वालापासून करता येईल. भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर रायगडात वाल पेरला जातो. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. हे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, मग कुठे बिरडं होतं. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत ते सणाच्या मानाचं, आगरी घरांत रोजचं. नारळ, गूळ आणि आमसूल पडलं तरी वालाचा कडवटपणा पूर्ण जात नाही, आणि तो जाऊही नये अशीच करणाऱ्याची इच्छा असते. पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटतं, काहीतरी करपलंय. दुसऱ्यांदा खाताना कडूच्या मागून येणारा खोबऱ्याचा गोडवा लक्षात येतो. ज्यांना बिरड्याची गोडी लागते ते पुढे गोड वालाला नाक मुरडतात.

दुसरं उदाहरण शेवळांचं. मे संपता संपता वळवाच्या सरी पडल्या की रानात जमिनीतून जांभळट-तपकिरी कोंब वर येतात. कातकरी आणि ठाकूर बायका ते जुड्या बांधून पेण-पनवेलपासून मुंबईपर्यंतच्या बाजारांत आणतात. दोन-तीन आठवड्यांत हंगाम संपतो. शेवळं नीट न करता खाल्ली तर घशाला खाज सुटते, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून शेवळांच्या जुडीबरोबर काकडं नावाची आंबट हिरवी फळंही विकत घ्यायची असतात. शेवळाच्या आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडांच्या आंबट रसात शिजवायचं, वर सोडे किंवा चण्याची डाळ घालायची. काकडं आणायला विसरलेल्या घरात त्या दिवशीची भाजी कोणी विसरत नाही. ज्याने पहिल्यांदा ही भाजी करून पाहिली असेल तो रानातल्या बाईकडूनच शिकला असणार. आजही नवख्या गिऱ्हाइकाला कृती तीच सांगते आणि काकडं घेतल्याशिवाय सोडत नाही.

तिसरा अडथळा वासाचा, आणि तो सर्वांत मोठा. कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील टांगलेले असतात, खळ्यात जवळा पसरलेला असतो, आणि शहरी पाहुणा रुमाल काढतो. माशाच्या या वासामागे मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन नावाचं द्रव्य असतं. मासा मेल्यानंतर त्याच्या अंगातल्या दुसऱ्या एका निरुपद्रवी द्रव्यापासून जिवाणू ते तयार करतात. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. त्यावर आम्ल पडलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि ते हवेत उडेनासं होतं, म्हणजे नाकापर्यंत येत नाही. सुकटीत कैरी, कालवणात चिंच, आंबटात कोकम घालणाऱ्या बाईने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसतं, पण तिचा हात बरोबर तिथेच जातो. सुकट आधी तव्यावर कोरडी भाजून घेण्याचा रिवाजही त्याच शहाणपणातला.

वास बाजूला केला की उरते ती चव कसली असते? टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या रसदार, तोंडात रेंगाळणाऱ्या चवीला उमामी म्हटलं. पाच वर्षांनी, १९१३मध्ये, शिंतारो कोदामा यांनी वाळवलेल्या बोनितो माशात त्याच चवीचं दुसरं द्रव्य शोधलं. जपानी स्वयंपाकाचा सगळा डोलारा या वाळवलेल्या माशाच्या पाण्यावर उभा आहे. सोड्यांच्या खिचडीत, वांग्या-बटाट्यात टाकलेल्या मूठभर सुकटीत आणि डाळीत सोडलेल्या सुक्या बोंबलाच्या तुकड्यात हेच काम चाललेलं असतं. मुंबईच्या जपानी हॉटेलात त्या माशाच्या पाण्याचं सूप हजार रुपये मोजून पिणाऱ्याला मुरूडच्या बाजारातली सुकट मात्र चालत नाही. यात जिभेचा दोष नाही.

कडू, खाजरं आणि वासाचं या तिन्ही गोष्टींना शरीर नाही म्हणतं ते उगाच नव्हे. निसर्गातली पुष्कळ विषं कडू असतात, खाज म्हणजे इजा, आणि कुजकट वास म्हणजे रोगाची शक्यता. माणूस सर्वभक्षी. त्याला नवं खाल्ल्याशिवाय भागत नाही आणि नव्याची भीतीही बाळगावी लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी या कोंडीवर आयुष्यभर काम केलं. मेक्सिकोतल्या एका डोंगराळ गावात मुलांना मिरची कशी आवडू लागते, हे त्यांनी पाहिलं. कोणी मुलांना जबरदस्तीने मिरची भरवत नव्हतं. ती ताटाजवळ असायची, मोठी माणसं ती चवीने खात असायची, मुलं हळूहळू हात घालू लागायची. गावातले कुत्रे आणि डुकरंही जन्मभर तेच तिखट खरकटं खात होते, पण त्यांना तिखटाची गोडी लागल्याचं दिसलं नाही. जिभेची आग होऊनही जे धोक्याचं नाही त्याची मजा घेणं हा माणसाचा खास गुण आहे, असं रोझिन यांचं म्हणणं.

मिरचीसाठी मेक्सिकोला जायचीही गरज नाही. रेवदंड्याच्या कोटाच्या पडक्या भिंती पुरतात. रेवदंड्याला लागून असलेलं चौल हे प्राचीन बंदर. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन इथे उतरला. हिंदुस्थानातले लोक तांदूळ, तूप घातलेली खिचडी आणि तऱ्हेतऱ्हेच्या पालेभाज्या उजव्या हाताने खातात, याची नोंद त्याने केली. घोड्यांनाही या देशात साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, हेही त्याने लिहिलं. त्याने पाहिलेल्या कुठल्याच ताटात मिरची असणं शक्य नव्हतं. त्यानंतर अर्धशतकाने पोर्तुगीजांनी चौलला किल्ला बांधायला घेतला आणि १७४०पर्यंत ते इथे टिकले. त्या काळातल्या समुद्री व्यापारातून अमेरिका खंडातली मिरची, काजू, पेरू, अननस, पपई पश्चिम किनाऱ्यावर आली. बटाटा आणि भुईमूगही मूळचे तिकडचेच. आज लाल मिरचीशिवाय आगरी किंवा कोळी मसाल्याची कल्पना करून पाहावी. तिखट खाणं हा आपला जन्मजात स्वभाव आहे असं मानणाऱ्या या किनाऱ्याने ती सवय कधीतरी, मोठ्या वयाच्या माणसांच्या जिभेवर, नव्याने लावून घेतली होती.

उपासाचं ताट तर याहून बोलकं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली. पाचशे वर्षांपूर्वी जे पदार्थ इथे कोणाला ठाऊकही नव्हते त्यांनी एकादशीच्या सोवळ्यात जागा मिळवली. ‘आमच्यात हे चालत नाही’ म्हणणाऱ्या घराचीही चव कधी ना कधी बदललेली असते, फक्त कोणी तारीख लिहून ठेवलेली नसते.

एका माणसाच्या आयुष्यात हा बदल किती वेळात होतो, यावरही अभ्यास झाले आहेत. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडण्याकडे कल वाढतो. अन्नाच्या बाबतीत टोरांटोच्या पॅट्रिशिया प्लायनर यांनी १९८२मध्ये मोठ्यांवरच प्रयोग केला. महाविद्यालयीन तरुणांना अनोळखी उष्णकटिबंधीय फळांचे रस चाखायला दिले, काही रस पाच वेळा, काही दहा वेळा, काही वीस वेळा. जो रस जास्त वेळा चाखला तो जास्त आवडला. त्याच वर्षी लीन बर्च यांनी दोन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्षही याच दिशेचा होता. म्हणजे मूल आणि मोठा माणूस यांच्यातला फरक शिकण्याच्या क्षमतेत फारसा नाही. मुलाला आई पुन्हा पुन्हा वाढते. मोठ्या माणसाला एकदा नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

पर्यटकाची अडचण इथेच आहे. तो दोन दिवसांसाठी येतो, एका जेवणात एकच पदार्थ मागवतो, आणि थाळीला पाचशे-सहाशे रुपये मोजायचे म्हटल्यावर जुगार खेळत नाही. खानावळवालाही खेळत नाही. ताट परत आलं तर पैशांवरून वाद, वर इंटरनेटवर एक तारा. म्हणून दोघं मिळून सुरमईवर तडजोड करतात. तिसऱ्या दिवशी पाहुणा परततो तो ‘कोकणी जेवण’ जेवल्याचं समाधान घेऊन. खरं तर घाटावर आणि दिल्लीतही जे मिळतं त्याहून फार वेगळं त्याने काही खाल्लेलं नसतं.

उलट अनुभव हवा असेल तर थंडीतली पोपटी पाहावी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोपडलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. भांबुर्डीचा वास उग्र, पहिल्यांदा घेणाऱ्याला औषधी वाटणारा. तरीही गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याची मंडळी खास पोपटीसाठी येऊ लागली आहेत. कारण उघड आहे. पोपटी थाळीत येत नाही, ती सगळ्यांसमोर लागते. अर्धा तास जाळाभोवती उभं राहावं लागतं, भूक वाढते, शेजारचा शेंगा कशा ओरपतो हे दिसतं, आणि कोंबडी-अंडी ही ओळखीची जोडी सोबत असल्याने अनोळखी पाल्याची भीती राहत नाही. रोझिन यांना मेक्सिकोत दिसलं तेच पेण-अलिबागच्या शेतांत दर जानेवारीत घडतं.

नव्याची हौस शहरात नाही असंही नाही. सुशी, किमची, कोरियन नूडल्स, निळ्या बुरशीचं चीज हे सगळं मराठी तरुणांनी दहा-पंधरा वर्षांत आपलंसं केलं. किमचीला वास येतो, त्या चीजला तर सुकटीच्या तोंडात मारील असा येतो. मग सुकटीपाशीच काच का वर होते? कारण परदेशी अनोळखी पदार्थ खाल्ला की माणूस एक पायरी चढतो आणि कोळणीच्या टोपलीतला खाल्ला की एक पायरी उतरतो, असं त्याला वाटतं. खाडीच्या चिखलात पकडलेले निवटे, खडकावरून ओहोटीला फोडून आणलेली कालवं, तिसऱ्या, खुबे ही कष्टकऱ्यांची, बिनपैशाची अन्नं होती आणि त्यांच्याबद्दलची किळस बऱ्याच अंशी त्या माणसांबद्दलच्या अंतरातून आलेली आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची जी नोंद केली, तिने मराठी खाद्यलेखनात कोणाची ताटं दिसतात आणि कोणाची दिसत नाहीत, हा प्रश्न उघडपणे मांडला. किनाऱ्यावर तो प्रश्न सोसायटीच्या जिन्यात येतो. मासळीच्या वासावरून होणाऱ्या तक्रारी आणि त्याच वासावरून घर भाड्याने नाकारणं मुंबईला नवं नाही.

म्हणून प्रत्येक नकार खोटा ठरवावा असं मात्र नाही. याच किनाऱ्यावर बेने इस्रायल या ज्यू समाजाची एक कथा सांगतात. नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्यांचे हे वंशज तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणवले जात. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू पाहुणा त्यांच्या घरी आला आणि त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. हे आपलेच लोक आहेत, अशी रहाबीची खात्री त्यावरून पटली, असं ती कथा म्हणते. शतकानुशतकं चिंबोरी-कोळंबीच्या शेजारात राहूनही त्यांनी ती खाल्ली नाही. त्याच वेळी त्यांनी इथले पोहे आणि नारळ घेऊन मलिदा मात्र आपल्या प्रार्थनेत बसवला. अलिबागच्या इस्रायल आळीत आता मोजकी घरं उरली आहेत, पण मलिद्याची ताटं इस्रायलमधल्या मराठी ज्यूंच्या घरांत आजही मांडली जातात. व्रत म्हणून, धर्म म्हणून किंवा कवचाच्या प्राण्यांची ॲलर्जी आहे म्हणून न खाणं वेगळं. न चाखताच ‘शी’ म्हणणं वेगळं.

पाहुण्याची जीभ थोडी मोकळी झाली तर फायदा समुद्रालाही आहे. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला तो त्याच्या घटत्या संख्येची काळजी म्हणून. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले, म्हणजे पिल्लं जाळ्यात जाऊ नयेत. पण गिऱ्हाईक दोन-तीन जातींवरच अडून बसलं तर नियमांचा जोर अपुरा पडणार. जाळ्यात मांदेली, ढोमी, बांगडा, शिंगाडा आणि काय काय येतं. खारेपाटात तळ्यात वाढवलेला जिताडा आहे, ज्याची वाहवा एकेकाळी सरकारी साहेबांपर्यंत पोहोचली होती. हे सगळं खाणारा पाहुणा पापलेटावरचा भार हलका करतो आणि कोळणीच्या टोपलीतला उरलेला मालही विकत घेतो.

यासाठी मोठी योजना नको, एक वाटी पुरे. गोव्याच्या फिश थाळीत ताटाच्या कडेला चमचाभर सुक्या सुंगटांची किसमूर न मागता येते. त्यासाठी वेगळे पैसे नसतात आणि ती संपवावी अशी अपेक्षाही नसते. रायगडच्या खानावळीने सुरमईच्या ताटात तशीच एक वाटी ठेवावी. सोमवारी सुकटीची चटणी, मंगळवारी बिरडं, जूनमध्ये शेवळं. शाकाहारी पाहुण्याला पनीरऐवजी डाळिंब्यांची उसळ वाढावी. वालाच्या मुलखात येऊन पनीर खाणं ही त्याची हौस नसून यजमानाचा आळस आहे. पाहुण्यानेही नियम सोपा ठेवावा. पहिल्या दिवशी एक घास, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक, भाकरीबरोबर, भुकेच्या वेळी. आवडलं नाही तर वाटी तशीच ठेवावी आणि पुढच्या फेरीत पुन्हा चाखावी.

पर्यटन खात्यालाही इथे करण्यासारखं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते. तरीही त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरच्या फळ्यांवर सुरमई-पापलेटच लिहिलेलं असतं, आणि ते बहुतेक शीतगृहातून आलेलं असतं. घराघरांत मात्र त्या दिवसांत डब्यातून सोडे निघतात, सुके बोंबील भाजले जातात, रानातून शेवळं आणि टाकळा येतो. पावसाळी पर्यटनाच्या जाहिराती दरवर्षी निघतात, त्यांत धबधबे असतात, किल्ले असतात. त्यांत या जेवणाचा एक परिच्छेद घालावा, घरगुती निवासांच्या चालकांना जून-जुलैची वेगळी न्याहारी-जेवणाची यादी करायला मदत करावी, आणि त्या यादीत पहिली ओळ सुकटीची असावी.